जुन्या बाटलीचे कूळ आणि वय

हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगातून कधी एखादी चमत्कारिक काचेची बाटली हाती लागते. काच जाड व हिरवट, मान आवळलेली आणि आत खुळखुळणारी एक गोटी. विकणारा तिला नवाबी काळातील म्हणतो व त्याप्रमाणे किंमत सांगतो. घेणाऱ्याजवळ खरेखोटे करण्यास ना दप्तर असते, ना दाखला. तथापि बाटली कशी घडली याच्या खुणा तिच्या अंगावरच असतात. घडविण्याच्या रीती केव्हा बदलल्या हे ठाऊक असले, म्हणजे त्या खुणांवरून वयाचा अंदाज बांधता येतो.

प्रथम बूड पाहावे. पूर्वी कारागीर लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन ती फुंकीत असे. पुढे तोंड घडविताना बाटली धरता यावी म्हणून बुडाला दुसरी सळई चिकटवीत आणि काम होताच ती तोडून काढीत. त्या जागी खरखरीत वण राही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाटली पकडीत धरण्याचे साधन प्रचारात आले आणि साध्या बाटल्यांवरील हा वण नाहीसा होत गेला.

नंतर सांधा पाहावा. साच्याचे दोन भाग मिळतात तेथे काचेवर बारीक उभी रेघ उठते. ती मानेतच विरली असेल, तर तोंड मागाहून हाताने घडविले असे समजावे. ती थेट काठावर चढली असेल, तर बाटली बहुधा यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध झाले. तेव्हा अशी बाटली सामान्यतः विसाव्या शतकातील ठरते. हिरवट रंगावरून मात्र निर्णय देऊ नये. तो वाळूतील लोहामुळे येतो आणि नव्या काचेतही आढळतो.

आकारही साक्ष देतो. विल्यम हॅमिल्टन यांच्या १८०९ च्या पेटंटाशी निमुळत्या बुडाच्या सोडावॉटरच्या बाटलीचे नाव जोडलेले आहे. ती उभी राहतच नसे. आडवी ठेवल्याने बूच ओले राही व वायू निसटत नसे. गोटीची बाटली लंडनच्या हायरम कॉड यांची. तिचे पेटंट १८७२ चे. सोड्यातील वायूचा दाब गोटीला मानेतील रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. गोटी आत ढकलली की बाटली उघडते, आणि ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला खळगे असतात. अशी बाटली कॉड यांच्या शोधापूर्वीची असू शकत नाही. परंतु भारतात ती आजही बनते. म्हणून केवळ गोटी पाहून तिला प्राचीन म्हणणे चुकीचे होईल.

उगम शोधताना अक्षरे वाचावीत, पण जपून. अंगावर उठावाने कोरलेले मोठे नाव बहुधा सोडा भरणाऱ्या व्यापाऱ्याचे असते. काच कारखान्याची खूण पुष्कळदा बुडाशी, लहान अक्षरांत असते. येथील व्यापाऱ्याचे नाव असलेली बाटली इंग्लंडात, यॉर्कशायरमधील बार्न्सलीसारख्या गावीही घडलेली असू शकते. सिकंदराबादेत इंग्रजी फौजेची छावणी होती; १८७४ साली वाडीवरून रेल्वे तेथवर आली आणि मुंबई बंदरातील माल येणे सुकर झाले. पुढे देशी काचही निघाली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, तर कऱ्हाडजवळील ओगले यांचा १९१६ चा. औषधाच्या कुपीवरील नावही उपयोगी पडते. हैदराबादचे झिंदा तिलिस्मात हे युनानी औषध १९२० साली निघाले. त्या नावाची कुपी त्याआधीची नव्हे.

सर्व खुणांचा मेळ घालताना एकच नियम पाळावा. जी खूण सर्वांत अलीकडची, तिच्यापेक्षा बाटली जुनी असू शकत नाही.

हा हिशेब केवळ हौसेचा नाही. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा गतकाळाचे दर्शन घडविणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. निजामाची राजवट १९४८ पर्यंत होती. म्हणजे विकणाऱ्याचा ‘नवाबी’ हा शब्द खरा असूनही बाटलीला शंभर वर्षे झालेली नसतील.

बाटली कोठे सापडली, यालाही फार मोल आहे. मुसी नदीला २८ सप्टेंबर १९०८ रोजी महापूर आला. नदीकाठी खोदताना त्या पुराच्या गाळाचा थर अबाधित मिळाला, तर त्याखालची बाटली पुराआधीची हे निश्चित होते. तीच बाटली जागेची नोंद न करता भंगारात गेली, की हा पुरावा कायमचा बुडतो. सालारजंग संग्रहालयात व्हेनिस आणि बोहेमिया येथील उंची काच जपून ठेवलेली आहे. सामान्य माणसाने ज्यातून सोडा प्याला व औषध घेतले, ती काच जपणे घरोघरच्या लोकांच्याच हाती आहे. म्हणून सापडलेली बाटली राखेने वा वाळूने घासू नये. मातीत राहून आलेला सप्तरंगी पापुद्रा खरवडू नये. आणि जागा, खोली व तारीख कागदावर लिहून ती चिठ्ठी बाटलीबरोबर ठेवावी.