काचेतला समुद्र (भाग ७) : खडकात मुरलेलं फॉस्फेट

मागच्या आठवड्यात नायट्रेट पाहिलं. आज त्याचं पाठचं भावंड, फॉस्फेट. नायट्रेट लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅम असलं तरी चालून जातं, फॉस्फेटचा सगळा हिशेब मात्र दशांशचिन्हाच्या पुढे चालतो. घरच्या टाकीत ते ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावं, असं माझं मत आहे.

ते येतं आपल्याच हातून. कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. रोजची चिमूट दशांश ग्रॅमची धरली, तर तिच्यात एक मिलिग्रॅम फॉस्फरस आला, म्हणजेच फॉस्फेटच्या मापात तीन. साठ लिटरच्या टाकीत ते सगळं पाण्यातच राहिलं तर आकडा एका दिवसात ०.०५ ने चढेल. सहाशे लिटरच्या टाकीत त्याच चिमटीने जेमतेम ०.००५ चा फरक पडतो.

गोठवलेल्या मायसिसची (दिसायला आपल्या जवळ्यासारखाच) वडी चहाच्या गाळणीत धरून धुवायची पद्धत आहे. गढूळ पाणी निघून जाताना बघून बरं वाटतं, पण बहुतेक फॉस्फरस त्या जीवाच्या अंगातच असतो. धुवायचं तर जरूर धुवा, पण खरा फरक वडी अर्धी केल्याने पडतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या साठ लिटरच्या टाकीत एकदा ०.२० आलं. चौथा हिस्सा पाणी बदललं आणि संध्याकाळी हिशेबाप्रमाणे ०.१५ मिळालं. दोन दिवसांनी पुन्हा ०.१९! खाणं वाढवलं नव्हतं. किट बिघडलं असेल म्हणून दुसऱ्याने मोजलं, तरी तेच. फॉस्फेट खडकातून येत होतं. खडक आणि वाळू दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची, आणि त्यांच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यातलं वाढलं की खडक ते धरतो, कमी झालं की सोडतो. माझ्या सगळ्या पाण्यात मिळून तेव्हा फक्त १२ मिलिग्रॅम फॉस्फेट होतं. खडकात दोन वर्षांचं मुरलेलं होतं.

हे न ओळखता मी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, पाकिटावरच्या पूर्ण मात्रेने लावले. तीन दिवसांत किट शून्य दाखवू लागलं आणि मी खूश झालो. आठवड्याभरात झोअँथिड प्रवाळ मिटले. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा थर आला, त्यात बुडबुडे अडकलेले. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव! तो जायला अडीच महिने लागले.

फॉस्फेट म्हणजे नुसती घाण नव्हे. प्रत्येक पेशीला ते लागतं, प्रवाळाच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार, अशा पाण्यातले प्रवाळ उष्णतेने आणि प्रकाशाने लवकर पांढरे पडतात, हे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये मांडलं. उलट ते फार वाढलं तर शेवाळ माजतं, आणि कठीण प्रवाळांचा सांगाडा घडण्यातही अडथळा येतो. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरी आणूच नयेत. ही लेखमाला मऊ प्रवाळांपुरतीच आहे.

म्हणून उतरवायचं ते सावकाश. जीएफओ पाकिटावरच्या मात्रेच्या चतुर्थांशाने सुरू करा आणि दर तीन दिवसांनी मोजा. आकडा उतरून पुन्हा चढला तर घाबरू नका, खडक रिकामा होतो आहे. दाणे भरले की बदला. जागा असेल तर मागच्या कप्प्यात दिव्याखाली किटोमॉर्फा शेवाळ वाढवा आणि वाढेल तसं मूठमूठ काढून टाका, मला हाच उपाय जास्त आवडतो. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र, विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजण्याआधी उचलतो, पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट त्याच्या हाती लागत नाही.

काही डिजिटल मापकं फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही अब्जांशात. तो आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागा, म्हणजे २० चे ०.०६ होतील.

या आठवड्यात टाकीत नवं काहीही घालू नका. एक दिवसाआड, खाणं देण्याआधी, ठरल्या वेळी तीनदा मोजा आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या भागात क्षारता आहे, तेव्हा ते हाताशी लागतील.