भाग ४१ : आजीचं नाव पणतीला? बाळासाठी जुनं नाव निवडताना

तीन आठवडे गायब होते, कारण घरी एक पाहुणी आलीय. वजन अडीच किलो, आवाज मात्र माझ्यापेक्षा मोठा. त्यामुळे ऑडिओमध्ये मागे रडणं ऐकू आलं तर सांभाळून घ्या. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग थोडा नीटनेटका करून इथं लिहून देतेय.

आजचा विषय आहे बाळाचं नाव. त्यातही जुनं, टिकलेलं, ज्याला आपण ‘क्लासिक’ म्हणतो तसलं नाव. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आमचं तर अजून लग्नही नाही. हरकत नाही. पण ताई, दादा, मैत्रीण यांच्यापैकी कुणीतरी लवकरच व्हॉट्सॲपवर ‘नाव सुचवा ना’ असं म्हणणारच आहे. तेव्हा कामी येईल.

तीन पार्ट्या आणि एक ‘ठ’

आठव्या दिवसापर्यंत आमच्या घरात तीन पार्ट्या पडल्या होत्या. नवऱ्याला दोन अक्षरी, सुटसुटीत, परदेशातही बोलता येईल असं नाव हवं होतं. सासूबाईंना पत्रिकेतल्या अक्षरावरून हवं होतं. आणि मला माझ्या आजीचं माहेरचं नाव ठेवायचं होतं.

आधी पत्रिकेचं बघू. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे एकूण १०८ चरण. प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेलं असतं. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. इथपर्यंत छान. पण हस्त नक्षत्राची अक्षरं आहेत पू, ष, ण, ठ. आमची बाई नेमकी हस्ताच्या चौथ्या चरणात आली. ‘ठ’! सांगा बरं ‘ठ’वरून मुलीचं नाव. मला ठकू आणि ठमा यांच्या पुढं काही आठवेना.

गंमत म्हणजे मार्ग सासूबाईंनीच काढला. म्हणाल्या, “अगं, ते नावरसनाव. ते पत्रिकेत राहील. हाक मारायचं नाव वेगळं ठेवतातच की.” आणि हे खरंय. अनेक घरांत ही दोन नावं पूर्वीपासून वेगळी असतात. त्यामुळे अक्षरावरून भांडण होत असेल, तर हा तोडगा लक्षात ठेवा.

क्लासिक म्हणजे नक्की काय?

माझी व्याख्या साधी आहे. जे नाव पणजीच्या पिढीत चालत होतं, मधे थोडं मागं पडलं असेल, पण आज हाक मारली तरी कुणी ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाही, ते क्लासिक.

आपल्याकडे अशा नावांची कोठारं आहेत. एक संतांचं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडं. यातलं मुक्ता आजही किती ताजं वाटतं बघा, सातशे वर्षं उलटून गेलीत तरी. दुसरं इतिहासाचं : जिजा, सई, अहिल्या. आणि तिसरं माझं आवडतं, नद्यांचं. गोदावरी, कृष्णा, यमुना, कावेरी, भीमा, सिंधू. आज फॅशनमध्ये असलेलं ‘रेवा’ म्हणजे तरी काय? नर्मदाच! इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, म्हणून तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांना मिळालं. नाव जुनं असलं तरी त्यात घरची गोष्ट असली की ते आपलं होतं.

पण जुनं म्हणून सगळंच सोनं नाही, बरं का. पूर्वी मुलं जगत नसत तेव्हा दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत, म्हणजे दृष्ट लागू नये, मृत्यूनं ढुंकून बघू नये. त्यामागं निदान आईबापाची माया होती. ‘नकोशी’ या नावामागं तीही नव्हती. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं हे नाव. २०११ साली साताऱ्यात एका कार्यक्रमात अशा २८५ मुलींनी आपलं नाव बदलून घेतलं. रोज शाळेत हजेरीला उभं राहून ‘मी नकोशी आहे’ असं सांगायचं, याचा विचार करा. नावात काय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या मुलींना विचारावं.

आजोबांचं नाव नातवाला, मग हाक कशी मारायची?

घरातल्या मोठ्यांचं नाव पुढच्या पिढीला देण्याची आपली पद्धत जुनीच. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, आणि महाराजांच्या थोरल्या मुलाचंही संभाजी. पुढे त्या संभाजीराजांच्या मुलाचं नाव शिवाजी, ज्यांना आपण शाहू म्हणून ओळखतो. पेशव्यांकडे बघा. पहिल्या बाजीरावांचा मुलगा रघुनाथराव, आणि त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव. बाळाजी विश्वनाथांचे नातू पुन्हा बाळाजी, पण आपण त्यांना कोण म्हणून ओळखतो? नानासाहेब.

आता हे ‘नानासाहेब’ प्रकरण महत्त्वाचं. घराघरांत अडचण अशी होती, की सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मग मुलाला तेच नाव असेल तर ओरडायचं कसं? म्हणून नाना, आप्पा, बाळ, बाबू. आपल्याकडच्या टोपणनावांचं एक मूळ इथं आहे.

आणि बायकांचं नाव?

मुद्दा इथं येतो. पुरुषांची नावं नातवांकडे गेली. बायकांची नावं लग्नात बदलली गेली. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, झालं. मणिकर्णिका झाशीत जाऊन लक्ष्मीबाई झाली. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या.

माझ्या आजीचंही तेच झालं. सोळाव्या वर्षी ताटातल्या तांदळात तिचं जुनं नाव संपलं. मला ते नाव तिच्या माहेरच्या एका लग्नात कळलं, मी तेव्हा कॉलेजात होते. तिच्या म्हाताऱ्या भावानं लांबून हाक मारली आणि आजी झटकन वळली. मी विचारलं, हे कुणाचं नाव? ती म्हणाली, “माझंच की.”

तर नवव्या दिवशी मी आजीला फोन केला. म्हटलं, “तुझं माहेरचं नाव हिला ठेवू?” मला वाटलं खूश होईल. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “नको गं. भाऊ गेला तेव्हाच ते नाव गेलं. आता ऐकायचं नाही मला. आणि उद्या दूध सांडलं की तू माझ्याच नावानं खेकसणार ना?”

खरं सांगते, मी हिरमुसले. नवऱ्याच्या यादीतलं एक नाव जवळजवळ पक्कं केलं. आजीची गोष्ट मला छान वाटली होती, पण ते नाव तिचं होतं. तिला न विचारता वापरायचा हक्क मला नव्हता.

नाव पक्कं करण्याआधी

त्या दोन दिवसांत मी बरंच वाचलं, विचारलं. कामाचं तेवढं सांगते.

एक, मोठ्यानं हाक मारून बघा. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत पोचतं का? लांबलचक नावाचं शेवटी काय होणार, तेही आधीच ओळखा.

दोन, पूर्ण नाव लिहून बघा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. चारही शब्द एका दमात म्हणून बघा.

तीन, इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवा. आपल्या ‘ज्ञ’चं स्पेलिंग आपण डी-एन-वाय करतो, हिंदीवाले जी-वाय. ‘ळ’ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. एकच स्पेलिंग सगळीकडे वापरा.

चार, अर्थ नावांच्या ॲपवर शोधून थांबू नका, शब्दकोश उघडा. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश मोबाईलवर फुकट बघता येतो.

पाच, घाई करू नका. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नोंद बाळाच्या नावाशिवायही होते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून, १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा चढलेलं नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशी धावपळ. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यामुळे नाव आणि स्पेलिंग दोनदा तपासा.

बाराव्या दिवशी

अकराव्या दिवशी सकाळी सहाला आजीचा फोन. “झोप नाही आली. रात्रभर कानात तेच नाव. ठेवायचं तर ठेव. फक्त तोडून हाक मारू नका. अख्खं नाव घ्यायचं.”

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं एकदा मोठ्यानं ते नाव उच्चारून बघितलं आणि आपली यादी डिलीट केली. सासूबाईंचा ‘ठ’ पत्रिकेत सुखात आहे.

बारशाला आजीला एवढा प्रवास झेपला नसता, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर होती. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, मग तिनं मोठ्यानं नाव जाहीर केलं. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, “ओ?”

आजीनं सवयीनं ‘ओ’ दिली होती. साठ वर्षांनंतर. सगळे हसले, तीही हसली.

आता तुम्ही म्हणाल, नाव काय ते सांग ना! नाही सांगणार. इंटरनेटवर यायचं की नाही, हे पोरीनं मोठं होऊन ठरवावं. एवढंच सांगते, तीन अक्षरी आहे आणि नदीचं आहे.

तुमच्या आजीचं माहेरचं नाव माहितीय तुम्हाला? नसेल तर आज फोन करून विचारा आणि तिला चालत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आडनावांवर बोलू. तोवर, काळजी घ्या!