नव्या कारभाऱ्याला मुदत: किती आणि कशाची?

निवडणुकीचा निकाल लागून नव्या पदाधिकाऱ्याने खुर्ची स्वीकारली की त्याच्या निर्णयांवर टीका करण्याआधी किती थांबावे, हा प्रश्न खानदेशात सध्या पुन्हा जवळचा झाला आहे. कारण जळगाव महापालिकेत सप्टेंबर 2023 पासून आणि धुळे महापालिकेत त्याच वर्षाच्या अखेरीपासून प्रशासकांच्या हाती असलेला कारभार 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर लोकप्रतिनिधींकडे परत आला. दोन वर्षांहून अधिक काळ ज्या शहरांत जाब विचारायला निवडून आलेले सभागृहच नव्हते, तेथे एकीकडे साचलेल्या तक्रारी पहिल्याच दिवशी बाहेर पडणे स्वाभाविक असते आणि दुसरीकडे ‘आत्ताच तर आले आहेत, जरा वेळ द्या’ हा युक्तिवादही तितकाच पटण्यासारखा वाटतो. मात्र वेळ द्यायचा तो नेमका कशासाठी, याचा उलगडा केल्याशिवाय या दोन्ही भूमिकांचे मोल ठरवता येत नाही.

या उलगड्याची सुरुवात ग्रामपंचायतीपासून करणे सोयीचे आहे, कारण तेथे ‘वेळ द्या’ ही अपेक्षा केवळ सौजन्याची राहिलेली नसून कायद्यात उतरलेली आहे. सरपंच थेट मतदारांकडून निवडण्याची पद्धत महाराष्ट्राने 2017 मध्ये आणली, 2020 मध्ये ती रद्द केली आणि 2022 मध्ये पुन्हा स्वीकारली. या पद्धतीत सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनलचे, अशी स्थिती अनेक गावांत उद्भवते आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून अविश्वास ठरावाची, म्हणजे पदावरील व्यक्तीवर सदस्यांचा भरवसा उरला नाही असे सांगून तिला खाली उतरवणाऱ्या ठरावाची भाषा सुरू होऊ शकते. म्हणून 2017 च्या दुरुस्तीने असे बंधन घातले की निवडीपासून पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने असा ठराव आणता येणार नाही; एरवीही तो तीन चतुर्थांश सदस्यांनी संमत केला पाहिजे आणि त्यानंतर विशेष ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला दुजोरा दिला पाहिजे. ज्या मतदारांनी बसवले त्यांनाच उठवण्याचा शेवटचा अधिकार असावा, हा त्यामागचा विचार योग्यच म्हणावा लागेल.

तथापि त्याच 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 39 या चर्चेत फारसे कोणी आठवत नाही. कर्तव्यातील गैरवर्तन किंवा कर्तव्य बजावण्यात केलेली हयगय सिद्ध झाल्यास विभागीय आयुक्त जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत चौकशी करवून सरपंचाला पदावरून दूर करू शकतात, आणि या तरतुदीला दोन वर्षांची कोणतीही अट नाही. राजकीय नापसंतीच्या आधारे पद हिरावून घेण्यास कायदा दोन वर्षे थांबायला लावतो, परंतु गैरकारभाराची विचारणा मात्र पहिल्या दिवसापासून खुली ठेवतो. पद काढून घेणे आणि प्रश्न विचारणे या दोन गोष्टींची गल्लत सार्वजनिक चर्चेत सतत होते, कायद्याने मात्र ती केलेली नाही.

कामांना खरोखरच वेळ लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्या वर्षाचा विकास आराखडा, म्हणजे कोणत्या कामावर किती खर्च करायचा याची ग्रामसभेने मान्य केलेली योजना, आधीच्या हिवाळ्यातच तयार होऊ लागते. त्यामुळे जो सरपंच डिसेंबरअखेर निवडून येतो, त्याला पहिल्या वर्षात बहुतांशी मागच्या मंडळाने आखलेलीच कामे पुढे न्यावी लागतात. निधीवरही बंधने असतात. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी बांधील होती आणि उरलेली 40 टक्केच गावाच्या निवडीने, तीही पगार व आस्थापनेचा खर्च वगळून, वापरता येत होती. त्यातही अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप आणि मग देयक, हा क्रम लहानशा गटारीलाही चुकत नाही. सहा महिन्यांत गावाचा चेहरा का बदलला नाही, अशी विचारणा करणाऱ्याने हा क्रम समजून घेतला नसेल, तर त्याची टीका निर्णयावर होत नाही, ती कॅलेंडरवर होते.

महापालिकेत हा गुंता आणखी वाढतो. 1949 च्या महापालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, मोठ्या खर्चांना मंजुरी देण्याचे काम स्थायी समिती, म्हणजे सोळा नगरसेवकांची अर्थविषयक समिती करते आणि महापौर हा मुख्यतः सभागृहाचा अध्यक्ष असतो. नागरिक मात्र खड्ड्यापासून पाण्याच्या पाळीपर्यंत सगळ्याचा दोष महापौरांच्या माथी मारतात. जळगावात केंद्राच्या अमृत योजनेच्या जलवाहिन्यांसाठी आणि भुयारी गटारींसाठी रस्ते वर्षानुवर्षे खोदलेले राहिले, हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या जुन्या कर्जाचा बोजा एकामागून एक आलेल्या सभागृहांनी वाहिला, तर धुळ्यात अक्कलपाडा धरणातून शहराला पाणी मिळेपर्यंत नागरिकांना आठ-आठ दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर भागवावे लागले. ही कामे कोणा एका पदाधिकाऱ्याच्या कारकिर्दीत सुरू होऊन त्याच कारकिर्दीत संपण्यातली नव्हेत.

येथे एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे: नव्या पदाधिकाऱ्यांना वेळ नाकारण्यात नागरिकांपेक्षा पक्षच आघाडीवर राहिले आहेत. ऑगस्ट 2018 मध्ये जळगाव महापालिकेच्या 75 पैकी 57 जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. एवढे भक्कम बहुमत हाती असूनही सीमा भोळे यांच्यानंतर जानेवारी 2020 मध्ये भारती सोनवणे महापौर झाल्या, म्हणजे अडीच वर्षांची एकच मुदत पक्षांतर्गत वाटपात दोघींमध्ये विभागली गेली. आणि मार्च 2021 मध्ये त्याच पक्षाचे 27 नगरसेवक फुटून शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौरपदी निवडून आल्या. तीन वर्षांच्या आत शहराने तीन महापौर पाहिले. ज्या व्यवस्थेत पदे कामाच्या गरजेनुसार न देता इच्छुकांच्या रांगेनुसार वाटली जातात, तेथे पत्रकाराने किंवा सामान्य मतदाराने तेवढा संयम दाखवावा, असा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार त्या व्यवस्थेला राहत नाही.

उलट बाजूला, गप्प राहण्याची किंमत काय असते हेही याच शहराला ठाऊक आहे. जळगाव नगरपालिकेने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात गरिबांसाठी सुमारे साडेअकरा हजार घरांची योजना हाती घेतली, त्यासाठी कर्ज उभारले आणि ठेकेदाराला कोट्यवधी रुपये बिनव्याजी आगाऊ दिले. प्रत्यक्षात त्यातली थोडीच घरे उभी राहिली. या व्यवहाराबाबत महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत तक्रार दिली ती 2006 मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. या निकालाविरुद्ध पुढे उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. त्या काळातले सत्ताधारी नवखे नव्हते, हे खरे. पण आगाऊ रक्कम देण्यासारखा निर्णय नव्या माणसाने घेतला काय किंवा मुरलेल्याने घेतला काय, पैसा एकदा हातातून गेला की वीस वर्षांनंतरच्या निकालानेही बेघर कुटुंबाला घर मिळत नाही. ज्या निर्णयाचे परिणाम परत फिरवता येत नाहीत, त्याबाबत थांबणे हा संयम ठरत नाही.

या वादाचे सर्वांत अर्थपूर्ण रूप मात्र खानदेशाने त्याही आधी, 1937 ते 1939 या काळात पाहिले होते. डिसेंबर 1936 मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि तेथे शेतकऱ्यांच्या सारा, खंड व कर्जासंबंधीचा कार्यक्रम मंजूर झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, 1935 च्या कायद्याने प्रांतांना मिळालेल्या मर्यादित स्वराज्याच्या चौकटीत निवडणुका होऊन, जुलै 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले. लोकांनी निवडलेल्या माणसांनी प्रांताचा कारभार हाती घेण्याचा तो प्रसंग अपूर्व होता, आणि डोक्यावर असलेल्या गव्हर्नरच्या अधिकारांमुळे त्या मंत्रिमंडळाचे हात बरेचसे बांधलेलेही होते. म्हणून ‘आपल्याच सरकारला अडचणीत आणू नये’ ही भावना कार्यकर्त्यांत प्रबळ असणे समजण्यासारखे होते.

फैजपूरच्या अधिवेशनासाठी खेडोपाडी झटलेले अमळनेरचे साने गुरुजी या भावनेला बांधून राहिले नाहीत. पूर्व खानदेशात पिके बुडाली तेव्हा त्यांनी शेतसाऱ्यात, म्हणजे जमिनीवरील सरकारी महसुलात, सूट मिळावी यासाठी शेतकऱ्यांना संघटित केले, मोर्चे काढले आणि 1938 मध्ये अमळनेरहून सुरू केलेल्या आपल्या साप्ताहिकातून त्यांची कैफियत मांडली. त्या साप्ताहिकाचे नाव ‘काँग्रेस’ होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे: मागणी ज्या पक्षाच्या सरकारकडे होती, त्याच पक्षाशी असलेली आपली निष्ठा त्यांनी शीर्षस्थानी छापली होती. त्यांना सरकार पाडायचे नव्हते. ज्या शेतकऱ्याच्या नावाने ठराव झाले त्याच्या दारात वसुलीचा कारकून उभा आहे, हे त्यांना सरकारच्या कानावर घालायचे होते, आणि सारा भरण्याची तारीख मंत्रिमंडळाला स्थिरावायला किती काळ लागेल हे पाहून येत नसते.

सभागृहातही खेर मंत्रिमंडळाला मोकळे सोडलेले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मंत्रिमंडळ अधिकारावर येऊन दोन महिनेही झाले नसता, सप्टेंबर 1937 मध्ये, कोकणातील खोती, म्हणजे खोतांमार्फत सारा वसूल करण्याची, पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले. आणि 1938 च्या औद्योगिक कलहविषयक कायद्याने कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने येतात असे दिसताच त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. त्याच मंत्रिमंडळाने लहान जमीनधारकांना दिलासा देणारा कायदा 1938 मध्ये आणि शेतकरी कर्जदारांच्या साहाय्याचा कायदा 1939 मध्ये केला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. अवघ्या सव्वादोन वर्षांच्या त्या कारकिर्दीत लवकर झालेल्या टीकेने सरकारचे काम थांबले नाही. युद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढले गेल्याच्या निषेधार्थ मंत्रिमंडळाने स्वतःच 1939 मध्ये राजीनामा दिला.

लवकर केलेली टीका मात्र चुकीच्या मापावर बेतलेलीही असू शकते. नव्या कारकिर्दीचे पहिले शंभर दिवस मोजण्याची जगभर रूढ झालेली रीत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून, 1933 पासून सुरू झाली. बँका कोसळत असताना त्यांनी त्या अवधीत एकामागून एक कायदे करून घेतले, आणि तेव्हापासून शंभर दिवस हे कर्तृत्वाचे परिमाण मानले जाऊ लागले. हे माप जामनेर किंवा साक्री तालुक्यातील ग्रामपंचायतींना लावणे अन्यायाचे आहे. त्यांच्या हाती ना तशी सत्ता असते ना तसा निधी.

या अन्यायाचा सर्वाधिक भार स्त्री सरपंचांवर पडतो. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांमध्ये 2011 पासून निम्मी पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु आरक्षणातून आलेल्या सरपंचबाईने अजून पहिली मासिक सभाही घेतलेली नसते, तोच ‘कारभार नवराच पाहणार’ हा शेरा गावभर फिरतो. नवरा खरोखरच दप्तर हाताळत असेल तर ते आक्षेपार्ह आहेच आणि त्याची तक्रार झालीच पाहिजे. मात्र ज्या शेऱ्याला कोणत्याही निर्णयाचा आधार नाही, तो त्या बाईच्या बाई असण्यावर, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांत पुष्कळदा तिच्या आदिवासी असण्यावर केलेला असतो. हा शेरा दोन वर्षांनी केला तरी तितकाच गैर राहतो.

मग पहिल्या महिन्यात काय विचारता येते? सत्ता हाती घेताना शिल्लक किती होती आणि देणी किती होती, मागच्या मंडळाची कोणती कामे अपुरी आहेत आणि त्यांतली कोणती पुढे नेली जाणार आहेत, आगाऊ रक्कम कोणाला आणि कोणत्या अटीवर दिली जात आहे, गावठाणातील किंवा शहरातील मोक्याची जागा भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव येत आहे काय, यांतल्या एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन वर्षे लागत नाहीत, कारण ही उत्तरे दप्तरात लिहिलेलीच असतात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या दिवशी ग्रामसभा भरवण्याची रीत असल्याने गावातल्या कोणाही मतदाराला पहिल्या काही महिन्यांतच ही विचारणा समोरासमोर करता येते, तिची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावता येते, आणि नळाला पाणी किती वाढले याचा हिशेब मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवता येतो.