संघनिष्ठा की अजिंक्यपद? कारकिर्दीच्या उत्तरार्धातील अवघड निवड

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. मुंबई सिटी एफसीने एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात करून करंडक पटकावला. महामारीमुळे प्रेक्षागृह रिकामे होते. तरीही गोमंतकीय फुटबॉलप्रेमींना हा निकाल चुटपुट लावून गेला. मैदान एफसी गोवाचे होते, पण अंतिम सामन्यात एफसी गोवा नव्हता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि गोमंतकीय बचावपटू मंदार राव देसाई ही विजेत्या मुंबईच्या ताफ्यातील मंडळी आदल्या मोसमात एफसी गोवाकडेच होती. त्यातच मुंबईने अंतिम फेरी गाठली होती ती उपान्त्य फेरीत एफसी गोवाला पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असे नमवून.

यांतील मंदारचा प्रवास विशेष बोलका आहे. २०१४च्या पहिल्या मोसमापासून सहा मोसम तो एफसी गोवाकडे होता. या काळात संघाने दोनदा अंतिम फेरी गाठली आणि दोन्ही वेळा करंडक हुकला. २०१५ साली फातोर्डावरच चेन्नईयिनकडून आणि २०१९ साली बंगळुरूकडून. २०१९-२० मध्ये साखळी फेरीत अव्वल ठरल्याचा मान मिळाला, पण करंडक पुन्हा दूरच राहिला. मुंबईत गेल्यावर पहिल्याच मोसमात त्याला साखळी फेरीतील अग्रस्थान आणि करंडक असे दोन्ही मान लाभले. मग त्याने निष्ठा सोडली असे म्हणायचे, की आपल्या कष्टांचे चीज केले असे म्हणायचे? जगभरातील क्रीडारसिक हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारत आले आहेत. कारकीर्द उतरणीला लागलेल्या खेळाडूंच्या बाबतीत तर तो अधिकच टोकदार होतो.

वयाचे गणित

उमेदीच्या काळात खेळाडूला दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्याशा वाटतात आणि शक्यही वाटतात. आपला संघ यंदा नाही तर पुढच्या वर्षी जिंकेल, या आशेवर अनेक मोसम सरतात. पस्तिशी ओलांडल्यावर मात्र ‘पुढचे वर्ष’ ही चैन उरत नाही. गुडघे कुरकुरू लागतात, दुखापत भरून यायला वेळ लागतो आणि नव्या दमाचे खेळाडू जागेवर हक्क सांगू लागतात. अशा वेळी संघ दुबळा असेल तर खेळाडूपुढे दोनच वाटा उरतात. ज्या गावाने मोठे केले तिथेच रिकाम्या हातांनी कारकीर्द संपवायची, किंवा जिंकण्याची शक्यता असलेल्या संघात जाऊन अखेरचा प्रयत्न करायचा.

ही निवड केवळ भावनेची नसते. खेळाडू किती मोकळा आहे हे त्या त्या खेळाचे नियम ठरवतात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू मुक्त होतो आणि आपला पुढचा संघ स्वतः निवडू शकतो. मात्र तिथे संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असते. बलाढ्य संघाने ती मर्यादा आधीच गाठलेली असल्याने नव्या खेळाडूला देण्यासाठी त्याच्याकडे फारसे काही उरत नाही. म्हणजे अजिंक्यपदाच्या मागे जाणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूला त्याची किंमत पुष्कळदा स्वतःच्या खिशातून मोजावी लागते.

आयपीएलमध्ये परिस्थिती वेगळी आहे. फ्रँचायझीने कायम ठेवले नाही, किंवा खेळाडूने स्वतःच थांबण्यास नकार दिला, तर त्याचे नाव लिलावात जाते आणि सर्वाधिक बोली लावणारा संघ त्याला घेतो. जुना संघ सोडता येतो, पण नवा संघ निवडता येत नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये आणखी निराळी रीत आहे. आपल्या राज्य संघटनेकडून ना हरकत दाखला घेऊन खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी असा दाखला मागितला आणि पुढच्याच महिन्यात ती विनंती मागे घेतली, हे येथील वाचकांच्या स्मरणात असेल.

दोन मित्र, दोन वाटा

या पेचाचे सर्वांत ठळक उदाहरण युटा जॅझ या बास्केटबॉल संघाने दिले. जॉन स्टॉकटन १९८४ साली आणि कार्ल मलोन १९८५ साली या संघात आले. स्टॉकटनने चेंडू पुरवायचा आणि मलोनने तो टोपलीत टाकायचा, ही जोडी तब्बल १८ मोसम टिकली. १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे त्यांनी अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने त्यांची वाट अडवली.

२००३ साली स्टॉकटन निवृत्त झाला. १९ मोसम, एकच संघ आणि एकही अजिंक्यपद नाही. चाळिशीला टेकलेल्या मलोनने दुसरा रस्ता धरला. आदल्या मोसमात सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर कमावणारा हा खेळाडू अवघ्या १५ लाख डॉलरवर लॉस एंजलिस लेकर्सकडे गेला. त्याच उन्हाळ्यात गॅरी पेटन हा दुसरा दिग्गजही तिथे आला. शकील ओनील आणि कोबी ब्रायंट आधीपासून होतेच. अजिंक्यपद जणू ठरलेलेच आहे, असे वातावरण होते.

प्रत्यक्षात मलोनचा गुडघा दुखावला. २००४च्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने लेकर्सला ४-१ असे हरवले आणि पाचव्या, निर्णायक सामन्यात मलोन खेळूही शकला नाही. त्यानंतर तो पुन्हा मैदानात उतरला नाही. राहिला त्यालाही अजिंक्यपद नाही आणि गेला त्यालाही नाही. पेटनला मात्र पुढे २००६ साली मायामी हीटकडून ते मिळाले. संघ बदलल्याने शक्यता वाढते, खात्री मिळत नाही, एवढाच या कथेचा बोध.

गावाच्या संमतीने निरोप

निष्ठा आणि आकांक्षा या दोहोंचा मेळ बसल्याचे उदाहरण आइस हॉकीत सापडते. रे बोर्क हा बचावपटू १९७९ पासून बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळत होता. तो संघाचा कर्णधार होता आणि शहराचा लाडका होता. १९८८ आणि १९९० साली बॉस्टन अंतिम फेरीत हरले. त्यानंतरच्या दशकात संघ घसरत गेला. मार्च २००० मध्ये, एकविसाव्या मोसमात, बोर्कने व्यवस्थापनाला स्पष्ट विनंती केली, की अजिंक्यपदाची संधी असलेल्या संघात आपल्याला पाठवावे. ब्रुइन्सने ती मान्य करून त्याला कोलोरॅडो अ‍ॅव्हलांशकडे दिले.

पहिल्या प्रयत्नात अपयश आले. निवृत्त न होता तो आणखी एक वर्ष थांबला आणि जून २००१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याने स्टॅन्ले चषक जिंकला. रिवाजानुसार चषक प्रथम कर्णधाराने उंचावायचा असतो. कोलोरॅडोचा कर्णधार जो सॅकिक याने तो हाती येताच, स्वतः न उंचावता, थेट बोर्ककडे सोपवला. पुढे काही दिवसांतच बोर्क चषक घेऊन बॉस्टनला गेला, तेव्हा परक्या संघाने जिंकलेल्या त्या चषकासाठी हजारो बॉस्टनकर शहराच्या मध्यवर्ती चौकात जमले.

त्याला दगाबाज न ठरवता शहराने त्याचा आनंद आपला मानला, याची कारणे उघड आहेत. दोन दशके त्याने दिलेली होती. प्रतिस्पर्ध्याशी छुपा सौदा न करता त्याने आपली इच्छा उघडपणे मांडली. आणि त्याच्या मोबदल्यात संघाला तरुण खेळाडूही मिळाले. संघ सोडण्याची रीत ही सोडण्याइतकीच महत्त्वाची असते.

थांबणाऱ्यांचे फळ

थांबण्याचा निर्णय प्रत्येक वेळी स्टॉकटनच्या वाटेनेच जातो असे नाही. डर्क नोवित्झ्की हा जर्मन खेळाडू १९९८ पासून डॅलस मॅव्हरिक्सकडे होता. २००६ साली अंतिम फेरीत पहिले दोन सामने जिंकूनही डॅलस मायामीकडून ४-२ असे हरले. २०१० च्या उन्हाळ्यात नोवित्झ्की मुक्त झाला. त्याच उन्हाळ्यात लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडून मायामीची वाट धरली होती. नोवित्झ्कीने डॅलसशीच नवा करार केला आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत लेब्रॉनच्या मायामीला हरवून अजिंक्यपद मिळवले. २०१४ मध्ये संघाला इतर खेळाडू घेता यावेत म्हणून त्याने आपले मानधनही बरेच कमी केले. २०१९ साली तो निवृत्त झाला तो २१ मोसमांनंतर, त्याच संघातून.

भारतीय वाचकांना याच जातीचे उदाहरण विराट कोहलीचे आठवेल. २००८ पासून तो रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूकडेच राहिला. २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने हातचे गेले. २०१६ मध्ये तर त्याने मोसमात ९७३ धावा केल्या आणि तरीही संघ अंतिम सामन्यात ८ धावांनी कमी पडला. अखेर ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत पंजाब किंग्जवर ६ धावांनी विजय मिळाला, तेव्हा तो अठरावा मोसम होता आणि कोहली ३६ वर्षांचा होता. मात्र या निष्ठेची दुसरी बाजूही पाहावी लागते. या सबंध काळात संघाने त्याला सोडले नाही, उत्तम मानधन दिले आणि त्याच्याभोवती संघ उभारण्याचा प्रयत्न केला. निष्ठा दोन्ही बाजूंनी राहिली म्हणून ती टिकली.

उलट दिशेचा प्रवास

ज्येष्ठ खेळाडू बलाढ्य संघाकडेच जातो, हा समज वासिम जाफरने खोटा ठरवला. मुंबईकडून अनेक रणजी विजेतेपदे पाहिलेला हा सलामीवीर २०१५-१६ च्या मोसमात विदर्भाकडे गेला, तेव्हा विदर्भाच्या नावावर एकही रणजी करंडक नव्हता. चंद्रकांत पंडित यांचे मार्गदर्शन आणि फैझ फझलचे नेतृत्व यांच्या जोडीला जाफरचा अनुभव आला आणि २०१७-१८ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला हरवून विदर्भाने इतिहास घडवला. पुढच्या मोसमात, चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. येथे अजिंक्यपद तयार संघात जाऊन मिळाले नव्हते. ते नव्या मातीत उगवले होते. नव्या संघातील तरुणांना त्याने काय दिले, हेही अशा स्थलांतराच्या हिशेबात धरायला हवे.

संघाची निष्ठा कोण मोजणार?

गोव्याच्या फुटबॉलला हा प्रश्न परका नाही. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी यांच्यासारखे खेळाडू तिथे वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्यापुढे निष्ठा आणि करंडक यांत निवड करण्याची वेळच फारशी आली नाही. दोन्ही एकाच छपराखाली होते. परंतु २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतली. भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेत आपल्याला न्याय्य स्थान नाही, ही त्यामागील तक्रार होती. कारणे काहीही असोत, खेळाडूंच्या पायाखालची जमीन मात्र एका मोसमात सरकली.

लोबेराच्या बाबतीतही हेच दिसते. २०१९-२० मध्ये एफसी गोवाने साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवले, पण ती फेरी संपण्यापूर्वीच क्लबने त्याला प्रशिक्षकपदावरून दूर केले होते. त्यानंतर तो मुंबईला गेला आणि त्याच्या पद्धतीत मुरलेले खेळाडूही गेले. व्यवस्थापनाने घेतलेल्या निर्णयाला ‘व्यावसायिक’ म्हणायचे आणि खेळाडूने घेतलेल्या तशाच निर्णयाला ‘बेइमानी’ म्हणायचे, हे दुटप्पी माप आहे.

याचा अर्थ निष्ठेला मोल नाही असा नव्हे. प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघाचे राहतात. त्यांना करार संपल्यावर मुक्त होता येत नाही, आणि मोसमामागून मोसम थांबणारा खेळाडू त्यांच्या त्या चिवटपणाला सोबत करतो. कोहलीच्या विजयाने करंडक आधी कधीच न जिंकलेला संघच सुखावला असे नाही, तर १८ वर्षे टोमणे सोसलेला चाहताही सुखावला. ही सोबत विकत मिळत नाही.

म्हणून ज्येष्ठ खेळाडूच्या निर्णयाचा निवाडा करताना करंडक मिळाला की नाही, एवढेच पाहणे अपुरे आहे. त्याने जुन्या संघाला किती वर्षे आणि काय दिले, जाताना तो उघडपणे गेला की पाठ फिरवून, नव्या ठिकाणी त्याने काय त्याग केला, आणि ज्या संघाकडून निष्ठेची अपेक्षा होती त्या संघाने ती स्वतः कितपत पाळली, हे प्रश्न विचारले म्हणजे स्टॉकटनचे राहणे आणि बोर्कचे जाणे ही दोन्ही सारख्याच आदराने पाहता येतात. आणि मंदार राव देसाईचे नाव विजेत्यांच्या यादीत दिसले, तर सहा मोसम एफसी गोवासाठी धावलेल्या त्या खेळाडूचे गोमंतकीयांनीही मोकळ्या मनाने अभिनंदन करावे.