प्रीमियरची उसनी इंजिनं

'११८ एनई' हे नाव गाडीच्या पाठीवर अनेकांनी वाचलं असेल. त्यात तिची सगळी कुंडली आहे. ११८ म्हणजे जवळपास १.१८ लिटर आणि 'एनई' म्हणजे निसान इंजिन. १९८५ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती बाजारात आणली, तेव्हा अंग १९६६ सालच्या फियाट १२४ चं होतं, साचे स्पेनच्या सेआत कंपनीचे आणि बोनेटखाली निसानचं ए-१२, ११७१ सीसीचं.

जुन्या गाडीत नवं इंजिन घालायचं स्वप्न पाहणारे तरुण पिंपरी-चिंचवडमध्ये कमी नाहीत. त्यांनी आधी या कंपनीचा अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं.

निसानचं इंजिन फियाटच्या अंगात बसलं, कारण दोन्हींची ठेवण एकच होती : इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेत, आणि ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना. शिवाय प्रीमियरने इंजिनासोबत निसानचाच गिअरबॉक्स घेतला. हा खरा शहाणपणा. इंजिन एकाचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असला, की क्लच आणि बेल हाउसिंग जुळवण्यातच निम्मं आयुष्य जातं. पुढे हाच गिअरबॉक्स प्रीमियरच्याच जुन्या पद्मिनी गाडीच्या शेवटच्या काही नगांनाही बसला आणि स्टिअरिंगवरची गिअरची दांडी खाली आली. डिझेलच्या पद्मिनीत, म्हणजे १३७ डी मध्ये, इटलीच्या एफएनएमचं १३६६ सीसी इंजिन होतं.

हे सगळं प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्याचं. कंपनीच्याच चिंचवडच्या कारखान्याने २००९ साली रिओ ही गाडी आणली. तिचं अंग दायहात्सू टेरिओसचं, चीनच्या झोट्येमार्फत आलेलं, आणि डिझेल इंजिन प्युजोचं. २०१२ मध्ये तिला रांजणगावात बनणारं फियाटचं १.३ मल्टिजेट मिळालं. स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टात हे इंजिन आडवं बसायचं नि पुढची चाकं फिरवायचं. रिओत मात्र ताकद मागच्या चाकांना जायची, म्हणून ते उभं करावं लागलं. उभं करायचं म्हणजे माउंटिंग वेगळी, सायलेन्सरची वाट वेगळी, रेडिएटरचे पाइप वेगळे, गिअरबॉक्सही वेगळा. त्यात कॉमन रेलचं डिझेल हजाराहून जास्त बार दाबाने सुटतं आणि कधी, किती सुटायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. एकही सेन्सर चुकीचं सांगू लागला, की गाडी हटून बसते. ए-१२ ला कार्ब्युरेटर होता. तो फिटरच्या स्क्रूड्रायव्हरचं ऐकायचा.

रिओ फार खपली नाही. तरी चिंचवडच्या त्या कामाचं मोल मी कमी मानत नाही. जुन्या सांगाड्यात परकं इंजिन नांदवायला ड्रॉइंग, चाचण्या आणि मंजुरी लागते, आणि हे तिन्ही त्या कारखान्याने केलं.

गॅरेजात यातलं काहीच नसतं. आरसीवर इंजिनाचा नंबर असतो; परवानगीशिवाय इंजिन बदललं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्याहून मोठी गोष्ट : २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं.

म्हणून पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उतरवायला घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. आणि उतरवलंच, तर ते भंगारात देऊ नका; तेल घालून, नीट झाकून ठेवा.