तीन शिट्ट्यांनंतर

धनुर्विद्येच्या मैदानावर शिट्टी तीन तऱ्हांनी वाजते. दोनदा वाजली की रेषेवर यायचं. एकदा वाजली की बाण मारायचे. तीनदा वाजली की बाण आणायला जायचं. पहिल्या दोहोंनंतर जे घडतं ते टीव्हीवर दिसतं, तिसरीनंतर कॅमेरा दुसरीकडे वळतो. मी डिसेंबरात चार दिवस साताऱ्याबाहेरच्या एका मैदानावर बसून होतो. बघण्यासारखं जे सापडलं, ते बहुतेक या तिसऱ्या शिट्टीनंतरचं.

भाची साताऱ्यात कॉलेजला आहे. पहिलं वर्ष, शास्त्र शाखा, आणि सकाळ-संध्याकाळ धनुष्य. ताई-भाऊजींना त्या आठवड्यात एका लग्नाला जायचं होतं, म्हणून तिच्या सोबतीला मी सांगलीहून आलो. पेठनाका, कराड, उंब्रज, मग समोर अजिंक्यतारा. कराडजवळून जाताना गोळेश्वरची आठवण काढायची हा आमच्या घरचा जुना नेम. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, ते गाव तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्या डोक्यात खेळ म्हणजे हेच, अंगाला माती लागली पाहिजे. सांगलीनं त्यात वजनांची भर घातली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत संकेत सरगरनं ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्णवाल्यानं २४९ उचलले होते. एक किलो! सांगलीत तो एक किलो अजून कुणाच्या घशाखाली उतरलेला नाही. तर अशा गावच्या माणसाला धनुर्विद्या म्हणजे उभ्या-उभ्या करायचं काम वाटलं, तर त्यात नवल नाही.

मैदान म्हणजे उसाच्या दोन फडांच्या मधली लांबट पट्टी. एका टोकाला चुन्याची रेषा आणि पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला सहा बट्रेस. जाड, दाट ठोकळ्यांना इथली सगळी पोरं बट्रेसच म्हणतात, त्यावर टार्गेटचा कागद लावायचा. भाची कंपाउंड धनुष्य चालवते. त्याला दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना मध्यावर सगळा भार अंगावर येतो, तिच्या धनुष्याचा ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो. मग चाकं फिरतात, भार एकदम उतरतो आणि शेवटी हातात पाव हिस्सा उरतो. त्या पाचेक किलोवर उभं राहून पन्नास मीटरवरच्या कागदात दहाचा गोल शोधायचा. तो गोल आठ सेंटिमीटरचा, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढा. त्याच्या आत आणखी एक, लिंबाएवढा, त्याला एक्स म्हणतात. गुण दोन्हीला दहाच.

पहिल्या दिवशी मी हिशेब मांडला. ती दिवसाला २४० बाण मारते. दर वेळी २१ किलो ओढायचे, म्हणजे पाच टन. दोन-तीन बैलगाड्या ऊस. आणि सहा बाण झाले की ते आणायला जायचं, पन्नास मीटर जाणं, पन्नास मीटर येणं. चाळीस फेऱ्या, चार किलोमीटर. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, हा चालण्याचा खेळ आहे.’’ ती म्हणाली, ‘‘मामा, तू थट्टा करतोयस, पण सर पण हेच म्हणतात.’’

बाण मारताना तिच्याकडे बघण्यासारखं फार नसतं, आणि तेच तर तिला साधायचं असतं. पाय रेषेच्या दोन्ही बाजूंना. धनुष्य वर, ओढ, हनुवटीपाशी हात टेकतो, दोरीतल्या बारीक छिद्रातून डोळा पुढच्या भिंगाकडे. भिंगाखाली गवंड्याच्या लेव्हलसारखा पाण्याचा बुडबुडा असतो, तो मध्यावर हवा. मग काहीच होत नाही. दोन सेकंद, तीन, चार. आणि अचानक टक्‌. हातात रिलीज नावाचं धातूचं छोटं यंत्र असतं, दोरी बोटांनी नव्हे तर त्यानं धरलेली असते. ‘‘अंगठ्यानं दाबायचं नाही. पाठ ओढत राहायची, ते आपोआप सुटतं,’’ असं ती सांगते. मी तिच्या देखरेखीखाली चार बाण मारले, चारही अंगठ्यानं दाबले. दाबला की बाण कुठे जातो ते बट्रेसच्या लाकडी पायाला विचारा. कधीकधी ती सात-आठ सेकंद रोखून धरते आणि बाण न सोडताच दोरी परत आणते. सगळा भार उलटा सोसत. पहिल्यांदा मला वाटलं, घाबरली. मग कळलं, त्या मैदानावर पोरांचा अंदाज बांधायला सर हेच बघतात, कोण नको तेव्हा थांबू शकतं.

तीन शिट्ट्या वाजल्या की शेडमधून चार-पाच पोरं निघतात. सुरुवातीला मला ते नुसतं फिरणं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी मागोमाग जायला लागलो. ज्याचा बाण वाईट गेलाय तो भरभर चालतो. ज्याचे सगळे दहा आहेत तो मागे-पुढे बघत, गप्पा मारत. भाचीची चाल तीच राहते. ती रागावलेली मला ओळखू आली ती तिच्या डाव्या हातावरून. चालताना तो हात धनुष्य धरल्यासारखा अर्धवट उचलला जातो.

बट्रेसपाशी गेल्यावर आधी गुण. मोठ्या गुणापासून लहानाकडे मोठ्यानं वाचायचे, एक्स, दहा, दहा, नऊ. बाण रेषेला शिवला असेल तर वरचा गुण. त्याआधी बाणाला हात लावला तर आरडाओरडा होतो, मी लावून पाहिलाय. मग भोकांवर पेनाच्या खुणा करायच्या, पुढच्या फेरीत एखादा बाण आपटून परत उडाला तर कुठलं भोक नवं ते कळावं म्हणून. मग उपटायचे. याचंही शास्त्र आहे. एक हात कागदावर दाबून, दुसरा बाणाच्या मुळाशी, सरळ रेषेत मागे, आणि मागे कुणी उभं नाही ना ते बघून. मी मदत करायला गेलो आणि तिरका ओढला. कार्बनचा बाण वाकत नाही, चिरतो. तिनं तो कानाशी धरून हलकेच वाकवला, गाडगं वाजवून बघतात तसा. आतून बारीक कुरकुर आली. काही न बोलता तिनं तो बाजूला ठेवला. त्याची किंमत तिनं सांगितली नाही, रात्री ताईनं फोनवर सांगितली.

आणि मग वही. कमरेच्या भात्यात बाणांशेजारी दुमडलेली. तारीख, फेरी, गुण, बाणाचा नंबर. प्रत्येक बाणावर मालकाची खूण असावी लागते, तशी स्पर्धेची शिस्तच आहे, आणि भाची त्यावर नंबरही घालते. तीन नंबरचा बाण सतत डावीकडे जात असेल तर दोष हाताचा नाही, बाणाचा. शेवटचा रकाना ‘का?’ असा. बऱ्याच ओळींत तो कोरा होता. कारण सरांचा एक नियम आहे: बट्रेसकडे जाताना जे कारण सुचेल ते लिहायचं नाही, रेषेवर परत येताना जे सुचेल तेच लिहायचं. जाताना माणूस वाऱ्याला, उन्हाला, शेजारच्याच्या शिंकेला दोष देतो. बाण हातात घेऊन परत येताना हळूहळू आपल्याच खांद्यावर येतो. आणि काही वेळा काहीच सुचत नाही, तेव्हा रकाना कोरा. हे मला फार आवडलं. मी मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, कोरा रकाना चालेल असं एकाही मुलाला सांगितलं नाही.

या पोरांना दोन नावांचे आकडे तोंडपाठ आहेत. आमच्या लहानपणी पैलवान मारुती मानेंनी कुणाला कुठल्या डावावर पाडलं हे सांगायचो तसे. पार्थ साळुंखे आणि अदिती स्वामी, दोघंही साताऱ्याचे. २०२३ च्या जुलैत आयर्लंडमधल्या लिमरिकला जागतिक युवा स्पर्धा झाली. पार्थ तेव्हा १९ वर्षांचा. तो रिकर्व्ह चालवतो, बिनचाकांचं धनुष्य, ऑलिम्पिकमधलं, अंतर ७० मीटर. तिथं तीन-तीन बाणांचे सेट असतात, सेट जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, आणि आधी सहापर्यंत पोचेल तो जिंकला. २१ वर्षांखालील अंतिम सामन्यात समोर कोरियाचा साँग इन्जुन. पहिला सेट २६-२६. दुसरा २५-२८, हरला. पुढचे तीन २८-२६, २९-२६, २८-२६. सामना ७-३. रिकर्व्हमध्ये युवा जगज्जेता होणारा तो पहिला भारतीय पुरुष.

हे आकडे मी आधीही वाचले होते. मैदानावर चार दिवस काढल्यावर माझी नजर त्या २५ वर अडकली. कारण अंतिम सामन्यात चालणं नसतं. खेळाडू रेषेवरच उभे, बाण दुसरेच काढतात. आळीपाळीनं एकेक बाण, प्रत्येकाला २० सेकंद. म्हणजे तिकडे जाऊन बाण बघणं, उपटणं, वाकवून बघणं, परत येताना खांद्यावर येणं, हे सगळं समोरच्याच्या वीस सेकंदांत उभ्या जागी उरकायचं. २५-२८ नंतर पार्थनं ते उरकलं असणार. चार किलोमीटर रोज चालून ज्यानं ती वाट पायाखाली घातली, त्यालाच ती न चालता चालता येत असावी. हा माझा तर्क. भाचीला सांगितला तर ती म्हणाली, ‘‘तू लेखात घालशील हे.’’

अदितीचे आकडे तर गणिताच्या वहीत शोभणारे, आणि तिचे वडील खरोखरच गणिताचे शिक्षक आहेत. शेरेवाडी हे त्यांचं गाव. प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत, उसाच्या शेतात ती घडली. धनुष्य भाचीसारखंच, कंपाउंड. २०२३ च्या जूनमध्ये कोलंबियातल्या मेदेयीनला तिनं ७२० पैकी ७११ गुण मारले, १८ वर्षांखालील जागतिक विक्रम. ७२ बाणांत गमावले फक्त नऊ. जुलैत लिमरिकला १८ वर्षांखालील गटात सुवर्ण, अंतिम सामना १४२-१३६. आणि महिन्याच्या आत, ५ ऑगस्टला, बर्लिनमध्ये मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ नं हरवून ती जगज्जेती झाली. वय १७. उपांत्य फेरीत तिनं ज्योती सुरेखा वेन्नमला हरवलं होतं, तिथंही गुण १४९च. बाण पंधरा, म्हणजे १४९ म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ. लिमरिकच्या १४२ मध्ये आठ गुण सुटले होते. सुवर्ण दोन्हीकडे मिळालं, पण वहीत ते दोन दिवस सारखे दिसणार नाहीत. मैदानावरची पोरं म्हणूनच १४९ पेक्षा १४२ वर जास्त वाद घालतात.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी ‘उसाच्या फडातून थेट जगज्जेतेपद’ अशा थाटाचं बरंच काही लिहिलं. मलाही तेव्हा ते गोड वाटलं होतं. आता त्या ‘थेट’ शब्दाची चीड येते. कंपाउंड धनुष्य साजासकट लाखांच्या घरात जातं, त्यासाठी घरं कर्जं काढतात. आणि इतकं करून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. २०२८ च्या लॉस एंजेलिसला पहिल्यांदा येतोय, तोही फक्त मिश्र जोडीचा. भाची या विषयावर बोलत नाही. तिची ताजी झेप विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीपुरती आहे, ६८७. तिथं सुटलेल्या ३३ गुणांपैकी किती ‘का?’च्या रकान्यात सापडले, हे तिला विचारलं तर लगेच सांगते. एकोणीस.

चौथ्या दिवशी सकाळी बाजूच्या फडात तोड आली होती. कोयत्यांचा आवाज शिट्टीत मिसळत होता, पाचटाचा वास सगळीकडे. अकराच्या सुमारास टोळीतली एक बाई बांधावरून आली. पदर खोचलेला, हातात तीन बाण. ‘‘ह्ये तुमचंच असंल,’’ म्हणाली. ‘‘मोळी बांधताना पायाला लागलं. आमचं पोरगं इथंच खेळतंय हो.’’ पोरं गप्प झाली. सरांनी पुढे होऊन बाण घेतले, हात जोडले, आणि तोड संपेपर्यंत त्या बाजूचे दोन बट्रेस बंद केले.

तीनपैकी दोन कुणाचे ते कळलं नाही, अक्षरं पुसून गेली होती. तिसऱ्याची पिसं उंदरांनी कुरतडलेली, पण नंबर शाबूत. सात. भाचीनं तो उलटसुलट केला, पुसला, कानाशी धरून वाकवला. मग शेडमध्ये जाऊन सॅकच्या तळातून जुनी वही काढली आणि बोट ओलं करत पानं मागे उलटायला लागली. नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. जूनच्या एका ओळीवर थांबली. पाच गुण लिहिलेले आणि सहाव्या जागी एम, म्हणजे हुकला. पुढे ‘का?’मध्ये तेव्हा लिहिलं होतं: ओढतानाच रिलीज सुटला, धनुष्य वर होतं.

‘‘तेव्हा आम्ही दोन दिवस शोधला हा,’’ ती म्हणाली. ‘‘मेटल डिटेक्टर घेऊन. पण ऊस लहान होता ना, म्हणून आम्ही जवळच शोधत होतो. हा तर पार तिकडे गेला होता.’’

बाण कुठे सापडला ते तिनं बाईंना परत जाऊन विचारलं. बाईंनी कोयत्यानंच दाखवलं, तिसऱ्या सरीत, विहिरीच्या अलीकडे. भाचीनं तिथून बट्रेसपर्यंत पावलं मोजली आणि जूनच्या त्या ओळीपुढे समासात आकडा लिहिला. तेवढ्यात दोन शिट्ट्या वाजल्या.