गाडी घरी धुवावी की गॅरेजला न्यावी?

डोलवी म्हणजे धरमतर खाडीचा शेजार. खारा वारा आणि खारेपाटातला चिखल गाडीचा पत्रा खातो. वरून चकाचक दिसली तरी गंज धरतो तो खाली, चासीला नि मडगार्डच्या आत. धुणं-पॉलिश घरीच करा. गोड्या पाण्यानं, सावलीत. आधी खालचा चिखल काढा. कपड्यांचा साबण नको, चकाकी जाते. सुकी धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका, ओरखडे पडतात. मात्र पावसाळ्याआधी खालून गंजरोधक लेप मारायला रॅम्प नि कॉम्प्रेसर लागतो. ते काम गॅरेजचंच. तिथं पैसे वाचवाल, तर उद्या पत्रा बदलाल. लेपाआधी गंज खरवडला का, पत्रा सुकला का, हे स्वतः वाकून बघा. ओल्या गंजावर लेप बसला, तर पत्रा आतून सडतोच.